न्या. कृष्ण अय्यर : ऋण आणि हिशेब

राजकारणात राहिलेला, गोरगरिबांची बाजू घेतलेला माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू लागला की प्रस्थापितांच्या पोटात गोळा का येतो? १९७३ साली व्ही. आर. कृष्ण अय्यर यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमण्याची वेळ आली तेव्हा मुंबईतील काही नामांकित वकिलांनी जाहीर विरोध केला. हा माणूस राजकारणी, कम्युनिस्टांच्या मंत्रिमंडळात बसलेला! उच्चवर्णीय, सुखवस्तू घरांतून आलेल्या न्यायाधीशांच्या निःपक्षपातीपणाबद्दल मात्र अशी शंका कुणी घेत नव्हते.

कृष्ण अय्यर जन्माने पालक्काडचे तमिळ ब्राह्मण. तलश्शेरीला वकिली करताना त्यांनी शेतकरी-कामगारांचे खटले चालवले. कम्युनिस्टांना कायदेशीर मदत केल्याच्या आरोपावरून १९४८ साली तुरुंगही भोगला. १९५२ मध्ये ते अपक्ष म्हणून मद्रास विधानसभेत गेले. १९५७ मध्ये केरळात ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे कायदा, गृह, तुरुंग ही खाती आली. तुरुंगात राहिलेला माणूस तुरुंगखात्याचा मंत्री झाला! ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. १९६८ मध्ये कृष्ण अय्यर केरळ उच्च न्यायालयात आणि १९७३ मध्ये विरोध डावलून सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

हा अनुभव त्यांच्या निकालांत उतरला. सुनील बत्रा खटल्यात (१९७८) तुरुंगाच्या भिंतीआड मूलभूत हक्क संपत नाहीत, हे त्यांनी ठणकावून सांगितले. रतलामच्या प्रकरणात (१९८०) पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला उघड्या गटारांची जबाबदारी टाळता येणार नाही, असे बजावले. गटाराकाठी कोण राहतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल म्हणजे केरळ सरकार विरुद्ध एन. एम. थॉमस. पदोन्नतीसाठी खात्यांतर्गत परीक्षा उत्तीर्ण होण्याच्या अटीतून केरळ सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांना काही काळ सूट दिली होती. १९७२ मध्ये वरिष्ठ लिपिकांच्या ५१ जागांपैकी ३४ जागा या कर्मचाऱ्यांना मिळाल्या. लगेच ओरड झाली आणि उच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली. १९ सप्टेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी पाच विरुद्ध दोन मतांनी ती पुन्हा वैध ठरवली.

तोवर न्यायालये मानत होती की, समान संधी हा नियम आणि राखीव जागा हा अपवाद. न्या. सुब्बा राव यांनी १९६३ च्या देवदासन खटल्यात याच्या विरोधात अल्पमत नोंदवले होते. थॉमस खटल्यात कृष्ण अय्यर यांनी तीच बाजू उचलली : कलम १६(४) हा १६(१) चा अपवाद नाही, समतेचाच तो एक आविष्कार आहे. म्हणजे आरक्षण ही भीक नव्हे, समतेचा भाग आहे. हे त्यांचे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. निवृत्तीच्या तोंडावर, १४ नोव्हेंबर १९८० रोजी, रेल्वेतील शोषित कर्मचारी संघाच्या खटल्यातही त्यांनी पदोन्नतीतील आरक्षणाची पाठराखण केली.

आता हिशेबाची दुसरी बाजू. थॉमसच्या त्याच निकालपत्रात त्यांनी आपल्याला 'हरिजन' म्हटले. बाबासाहेबांनी नाकारलेला हा शब्द त्यांच्या लेखणीला खटकला नाही. आणि त्याच निकालपत्रात पाटण्यातील एका संस्थेच्या अभ्यासाचा आधार घेऊन त्यांनी लिहिले की, लाभ वरचा 'क्रीमी लेयर' खाऊन टाकतो. कळवळ्याने लिहिलेला हा शब्द पुढे हत्यार झाला. १९९२ च्या मंडल निकालात तो ओबीसींना लावला गेला. २००६ च्या नागराज आणि २०१८ च्या जर्नैल सिंग निकालांतून तो अनुसूचित जाती-जमातींच्या पदोन्नतीपर्यंत पोहोचला. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात सातपैकी चार न्यायाधीशांनी अनुसूचित जातींनाही मलईची चाळणी लावावी, असे मत दिले.

त्या चौघांत रा. सू. गवई यांचे सुपुत्र न्या. भूषण गवईही होते. म्हणजे हा वाद आता आपल्याच घरात आला आहे आणि तो शिवीगाळ करून सुटणार नाही. आपल्यातला शेवटचा माणूस मागे राहतो आहे, हे सत्य नाकारू नये. पण त्याला पुढे आणण्यासाठी शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती आणि अनुशेषाची भरती हवी. कारकुनाचा मुलगा अधिकारी झाला म्हणून भाड्याने घर मागताना त्याचे आडनाव विचारले जाणे थांबत नाही. अस्पृश्यता उत्पन्नाच्या दाखल्यावर मोजली जात नाही. बाबासाहेबांनी मागितले ते सत्तेतील प्रतिनिधित्व. तो गरिबी हटावचा कार्यक्रम नव्हता.

एक तारीख प्रत्येकाने लक्षात ठेवावी. थॉमसचा निकाल लागला तोवर सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायाधीश झालेला नव्हता. पहिले दलित न्यायाधीश, न्या. ए. वरदराजन, तेथे आले ते डिसेंबर १९८० मध्ये; कृष्ण अय्यर निवृत्त झाल्यानंतर. ज्या खंडपीठात आपला एकही माणूस नव्हता, तेथे आपल्यातली मलई कोणती हे ठरत होते!

४ डिसेंबर २०१४ रोजी कृष्ण अय्यर गेले. असा मित्र न्यायपीठावर असणे भाग्याचे. पण मित्राच्या कळवळ्यावर समाजाचे हक्क सोपवता येत नाहीत. आपल्या मुलामुलींनी कायदा शिकावा आणि न्यायपीठावर बसावे. आपला निकाल कुणी दुसऱ्याने लिहून देण्याची वाट आणखी किती वर्षे पाहायची?