शपथेनंतरचे आठ दिवस

पौष वद्य सप्तमी ही स्वामी विवेकानंदांची जन्मतिथी. या तिथीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावाची वाट विदर्भ-मराठवाड्यातील असंख्य माणसे धरतात. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाचा तीन दिवसांचा उत्सव पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाने समाप्त होतो. माणसे शेतात ओळी धरून बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून स्वयंसेवक वाढीत जातात. एवढ्या मोठ्या समुदायाला शिस्तीने जेऊ घालणे ही व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम जाऊन पाहावी अशी गोष्ट आहे. मनात आणले तर ग्रामीण समाज केवढे संघटन करू शकतो याचा तो प्रत्यक्ष पुरावाच होय.

अशा मेळाव्यांत, मग ते हिवऱ्याचे असोत, शेगावचे असोत की आळंदी-पंढरपूरचे, व्यसनमुक्तीचा उपदेश ठरलेलाच असतो. वक्ता आवाहन करतो आणि शेकडो हात वर होतात. त्या क्षणी वर होणारा हात ढोंगी असतो असे मानण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या हाताने शपथ घेतली त्याच हाताच्या तळव्यावर संध्याकाळी पुन्हा चुना आणि तंबाखू मळली जाते, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की मांस-मदिरा सुटते. कमरेची चंची मात्र पुष्कळदा सुटत नाही. आणि खुद्द विवेकानंद धूम्रपान करीत असत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनीही लपविलेली नाही. तेव्हा तंबाखू न सुटणे हा चारित्र्याचा दोष मानून प्रश्न निकालात काढणे सोपे असले, तरी ते खरे नव्हे. शपथ का मोडते आणि ती टिकावी म्हणून काय करता येते, यावर गेल्या पन्नास वर्षांत जगात बरेच संशोधन झाले आहे. आपल्या गावोगावच्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांनी त्याची दखल घेतलेली क्वचितच दिसते.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्याआधीच्या, २००९-१० च्या, सर्वेक्षणात हे प्रमाण ३१.४ टक्के होते. घट झाली, हे खरे. पण बारकाईने पाहिले तर धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते आणि धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचा खरा प्रश्न सिगारेटचा नसून तंबाखू-चुन्याचा, खर्ऱ्याचा, माव्याचा आणि घराच्या मागील दारी लावल्या जाणाऱ्या मिश्रीचा आहे. चित्रपटगृहातील सूचना आणि शाळेच्या भिंतीवरील चित्रे मात्र अजून प्रामुख्याने धुराविरुद्धच लढताना दिसतात. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली. ती पानटपरीवर किती पाळली जाते हे सांगण्यासाठी कोणा संशोधकाची आवश्यकता नाही.

त्याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. देशभरातील धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ३३.२ टक्के लोकांनी आदल्या वर्षभरात ती सोडण्याचा प्रयत्न केला होता. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. इच्छेचा दुष्काळ नाही, असाच याचा अर्थ. पण वर्षभरात डॉक्टर वा आरोग्यसेवकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना ‘सोडा’ असे सांगण्यात आले होते आणि धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी केवळ ३१.७ टक्क्यांना. मागणी आहे, पुरवठा नाही, अशी ही अर्थशास्त्राच्या परिभाषेतील साधी स्थिती आहे.

शपथ मोडते ती केव्हा? निकोटीन तुटले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतात आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्यांचा अभ्यास सांगतो की, बहुतेकांचा निश्चय पहिल्या आठ दिवसांतच ढळतो आणि सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच निघतात. या आठ दिवसांत माणूस कोठे असतो? मेळावा संपलेला, वक्ता पुढच्या गावी गेलेला. हा माणूस आपल्या शेतात, कचेरीत किंवा एसटीच्या थांब्यावर असतो आणि शेजारचा स्नेही सवयीने डबी पुढे करीत असतो. मराठी माणसाच्या व्यवहारात तंबाखू मागणे हा संकोचाचा विषय नाही; उलट ओळख काढण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. चिमूटभर तंबाखू नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे, असा त्याचा अर्थ लावला जातो. ही अडचण रासायनिक नाही, सामाजिक आहे, आणि ती एकट्याच्या मनोनिग्रहावर सोडून देणे अन्यायाचे आहे.

मदतीने काय फरक पडतो याचे पहिले ठळक उत्तर १९७९ मध्ये लंडनमधून आले. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ साध्या कौटुंबिक डॉक्टरांकडे आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांचे चार गट केले. ज्या गटाला काहीच सांगितले नाही, त्यातील ०.३ टक्के लोक पहिल्या महिन्यात थांबून वर्षाअखेर थांबलेलेच राहिले. ज्यांना डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे सल्ला दिला, एक पत्रक दिले आणि ‘पुन्हा चौकशी करू’ असे बजावले, त्यांत हे प्रमाण ५.१ टक्के झाले. पाच टक्के ऐकून सामान्य वाचक निराश होईल. पण यात खर्ची पडली ती डॉक्टरांची दोन मिनिटे आणि एक कागद. शंभर माणसांमागे पाच माणसे एवढ्या खर्चात वाचविणारा दुसरा उपचार वैद्यकात शोधून काढावा लागेल. आणि वाचविणे हा शब्द येथे अलंकारिक नाही. ब्रिटिश डॉक्टरांच्याच पन्नास वर्षांच्या पाहणीचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, साठाव्या वर्षी सिगारेट सोडली तर सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा आणि चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ वर्षांचे आयुष्य पदरात पडते. ‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ हा चावडीवरचा प्रश्न निदान आकड्यांपुढे टिकत नाही.

हे सारे विलायतेचे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून दिल्लीतील उदाहरण घेऊ. तेथील गरीब वस्त्यांत १,२१३ तंबाखू सेवन करणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला घरी जाऊन मिनिटभराचा सल्ला देण्यात आला. दुसऱ्या गटाला सुमारे पंधरा मिनिटांचे मार्गदर्शन आणि श्वसनाचा एक योगाभ्यास शिकविण्यात आला. सहा महिने सलग दूर राहिलेले पहिल्या गटात ०.५ टक्के, तर दुसऱ्यात २.६ टक्के निघाले. ग्रामीण महाराष्ट्रातील एका रासायनिक कारखान्यातील कामगारांवरचा २००९ चा अहवाल याहून उत्साहवर्धक आहे. वारंवार भेटी होत गेल्या तसे सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढत जाऊन वर्षाअखेर ४० टक्क्यांवर गेले. कामगाराचे सांगणे आणि लघवीची तपासणी यांचा मेळ ९६ टक्के बसला. येथे तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि कायम नोकरीतील कामगार हा शेतमजुराहून निराळा असतो, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचला पाहिजे. तरीही दोन्ही प्रयोगांतून निघणारा धडा एकच आहे. चाळीस आणि अडीच यांतील अंतर मुख्यतः परत परत भेटण्याचे आहे.

भेटल्यावर बोलावे काय, हाही अभ्यासाचा विषय झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. तिचे सार असे की, व्यसनी माणसाला उपदेश करू नये, प्रश्न विचारावेत आणि सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावीत. वऱ्हाडातील माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. शेणगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन हे आरंभापासून अखेरपर्यंत प्रश्नांचेच असे. बाबा विचारीत आणि समुदाय उत्तर देई. उत्तर दिले की ते त्याचे स्वतःचे होई. फरक एवढाच की, बाबांच्या प्रश्नांची परंपरा मागे पडली आणि ध्वनिक्षेपकावरील उपदेश तेवढा उरला.

अर्थशास्त्राने या विषयात घातलेली भर विशेष उल्लेखनीय आहे. शपथ हा एक करार आहे, पण त्यात मुदत नाही, रक्कम नाही आणि तपासनीसही नाही. फिलिपीन्समधील एका बँकेने धूम्रपान करणाऱ्यांना बिनव्याजी खाते उघडून दिले. सहा महिने त्यात पैसे टाकावयाचे. शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटीन आढळले नाही तर पैसे परत, आढळले तर ते धर्मादाय कार्याला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे खाते स्वीकारणारे ११ टक्केच निघाले. तरीही ज्या गटापुढे हा प्रस्ताव ठेवला गेला, त्यात तपासणीत उत्तीर्ण होणारे तीन टक्क्यांनी अधिक भरले आणि वर्षानंतर अचानक घेतलेल्या चाचणीतही हा फरक टिकून होता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ८७८ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगात उलट मार्ग अवलंबिला गेला. सोडणाऱ्यास टप्प्याटप्प्याने ७५० डॉलरपर्यंत बक्षीस देण्यात आले. दीर्घ काळ दूर राहिलेले बक्षीस-गटात १४.७ टक्के, तर इतरांत ५ टक्के होते. बक्षीस बंद झाल्यावर हे प्रमाण ९.४ आणि ३.६ वर उतरले. पैशाने सद्गुण विकत घेता येत नाही, असा आक्षेप यावर नेहमी येतो. तो नैतिक दृष्ट्या भारदस्त असला तरी तंबाखू स्वतःच रोज पैशाने विकत घेतली जाते, हे तो विसरतो.

डॉलरची बक्षिसे मेहकर तालुक्याला परवडणारी नाहीत. पण खाते परवडणारे आहे. बुलढाणा जिल्ह्यातही बचत गट ही ओळखीची संस्था आहे. गटातील सदस्यांना एकमेकींच्या घरातील खडान्खडा माहिती असते, हीच येथे उपयोगाची गोष्ट. रोजच्या पुडीचे पैसे गटाकडे ठेवावयाचे आणि सहा महिन्यांनी ते परत घ्यावयाचे किंवा गावच्या वाचनालयाला द्यावयाचे, ही कल्पना समजावून सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचा तर यापेक्षा जवळचा मार्ग नाही. त्या मेळाव्यात हात वर करणार नाहीत, कारण मिश्रीला त्या व्यसन समजतच नाहीत.

औषधांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर निकोटीनचे च्युइंगगम किंवा पट्टी यांनी सोडण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, असे अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांसाठी जी पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली, तिने धूररहित तंबाखूसाठीही निकोटीनचा पर्याय आणि व्हॅरेनिक्लिन यांची शिफारस केली आहे. हळूहळू कमी करावी की एकदम बंद करावी, या जुन्या वादाचा कौलही एका ब्रिटिश चाचणीने २०१६ मध्ये दिला. सहा महिन्यांनंतर एकदम सोडणारे २२ टक्के टिकले आणि हळूहळू सोडणारे १५.५ टक्के. ‘उद्यापासून अर्धी’ म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

किमतीचे अस्त्र सर्वांत प्रभावी, हे जागतिक बँकेने १९९९ मध्येच सांगून ठेवले आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत दहा टक्क्यांनी वाढली तर खप सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. त्या दृष्टीने सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला, तो समजण्यापलीकडचा आहे. बिडी वळणाऱ्या स्त्रियांच्या रोजगाराचे कारण पुढे केले जाते. त्यांची चिंता खरोखरच असेल तर त्यांना दुसरे काम मिळवून देण्याची योजना हवी. बिडी ओढणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांतून त्यांचे वेतन काढणे हा उपाय नव्हे.

कर दिल्लीत ठरतो. पाठपुरावा मात्र गावातच करावा लागतो. शुकदास महाराजांचे २०१७ मध्ये निधन झाले. त्यांची पहिली ओळख रुग्णांवर उपचार करणारा साधू अशी होती आणि त्यांच्या शब्दाचा मान पंचक्रोशीत आजही आहे. अशा ठिकाणी घेतलेल्या शपथेला जे वजन असते ते सरकारी पत्रकाला कधीच येणार नाही. उणीव आहे ती एका वहीची. हात वर करणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याच्या शेजारच्या गावातील एका शिक्षकाचे वा आशा कार्यकर्तीचे नाव तिच्यात लिहावे. त्या व्यक्तीने तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिनाअखेर त्याच्याकडे जावे. ढळला असेल तर न रागावता नवी तारीख टाकावी. ज्या संघटनशक्तीने लाखोंच्या पंगतीत पुरी-भाजी वेळेवर पोहोचते, तिला हे अवघड नाही. आणि ज्याच्या घरी असे कोणी जाणार नाही, त्याच्यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय साहाय्य-दूरध्वनी चालू आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही त्यात सहभागी आहे. त्याचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक तंबाखूच्या पुडीवर छापण्याचे बंधन आहे. खर्ऱ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर मात्र काहीच छापलेले नसते.