आयफोन की अल्ट्रा? आधी हप्ता बोला!

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर हा विषय निघाला, की कॉफी गार झालीच म्हणून समजा! एकीकडे सॅमसंगचा गॅलॅक्सी एस २५ अल्ट्रा (जानेवारी २०२५), दुसरीकडे अ‍ॅपलचा आयफोन १७ प्रो मॅक्स (सप्टेंबर २०२५). आले तेव्हा २५६ जीबीचा अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना होता, आयफोन १,४९,९०० ला. बोंबला!

चोवीस हप्ते, व्याज शून्य धरलं तरी महिन्याला साधारण ५,४२० आणि ६,२५०. फरक ८३० रुपयांचा, म्हणजे मित्रांसोबतची एक रविवारची मिसळ पार्टी.

माझं मत विचाराल, तर अल्ट्रा. २०० मेगापिक्सल वगैरे दुकानदाराला सांगायला ठीक आहे. मला पटतं ते सॅमसंगने दिलेलं सात वर्षांच्या अपडेट्सचं आश्वासन. हप्ते दोन वर्षांत संपणार, पुढची पाच वर्षं फोन आपला! टायटॅनियमची फ्रेम आहे, पेनही आतच. आयफोनने मात्र १७ प्रोपासून टायटॅनियम सोडून अ‍ॅल्युमिनियम धरलं. ऐट थोडी कमी झाली, पण उष्णता बाहेर टाकायला ते बरं. नाशिकचा एप्रिल आठवा!

रामकुंडावरची आरती शूट करून रील्स टाकणारे असाल, तर मात्र आयफोनच घ्या. व्हिडिओत त्याचा हात धरणारं कोणी नाही, आणि जुना विकतानाही भाव बरा येतो.

एमजी रोडवर गेलात, की दोन्ही फोन दहा-दहा मिनिटं एका हाताने वापरून बघा. दुकानदाराने कटकट केली, तर पुढचं दुकान चार पावलांवर आहे.