मूत्राशयाच्या कर्करोगाची श्रेणी आणि विसरण एम.आर.आय.

प्रस्तावना :
मूत्राशयाच्या कर्करोगात 'अवस्था' आणि 'श्रेणी' या दोन भिन्न संकल्पना आहेत. अर्बुद मूत्राशयाच्या भित्तिकेत किती खोलवर शिरले आहे, हे अवस्थेवरून समजते. पेशी मूळ रूपापासून किती ढळल्या आहेत, हे श्रेणी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या वर्गीकरणानुसार या कर्करोगाच्या निम्न व उच्च अशा दोन श्रेणी मानल्या जातात. निम्न श्रेणीचा कर्करोग वारंवार उद्भवतो, परंतु स्नायूंत क्वचितच शिरतो. उच्च श्रेणीत तो धोका मोठा असतो व काही रुग्णांचे संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. म्हणूनच श्रेणीचे पूर्वानुमान महत्त्वाचे ठरते.

तत्त्व :
ऊतींतील पाण्याचे रेणू सतत गतिमान असतात. पेशींची दाटी वाढली की या गतीस अडथळा होतो. हे विसरण मोजणाऱ्या प्रतिमांकनाचा वैद्यकीय उपयोग डेनिस ल बिहान व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मेंदूविकारांच्या संदर्भात मांडला. त्यातून मिळणारा 'आभासी विसरण गुणांक' उच्च श्रेणीच्या अर्बुदात सामान्यतः कमी आढळतो.

प्रगत पद्धत :
हा गुणांक काढताना रेणूंचे विस्थापन प्रसामान्य वितरणानुसार होते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पेशीपटले व पेशींतील घटक यांमुळे ते वितरण बदलते. हा बदल संख्याशास्त्रातील 'कर्टोसिस' या मापाने व्यक्त करण्याची पद्धत जेन्स जेन्सन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडली. त्यासाठी विसरणाची संवेदनक्षमता दर्शविणारे 'बी-मूल्य' नेहमीच्या ८०० ते १००० ऐवजी सुमारे २००० पर्यंत वाढवावे लागते. ऊतीची रचना जितकी गुंतागुंतीची, तितके कर्टोसिस अधिक. उच्च श्रेणीच्या अर्बुदात ते वाढलेले आढळते.

मर्यादा :
दोन्ही श्रेणींची मापे काही प्रमाणात परस्परांत मिसळतात. यंत्र व तपासणीची पद्धत बदलली की सीमामूल्यही बदलते. बी-मूल्य वाढविल्यास संकेत क्षीण होतो. लहान अर्बुद, मूत्राशयाचे अपुरे भरणे व आतड्यांची हालचाल यांमुळे मापनात त्रुटी येतात.

समारोप :
दुर्बिणीद्वारे काढलेल्या ऊतीची सूक्ष्मदर्शकीय तपासणी हाच आजही श्रेणीनिश्चितीचा अंतिम आधार आहे. तथापि ऊतीचा नमुना अपुरा असू शकतो. प्रतिमेत मात्र संपूर्ण अर्बुद दिसते. नमुन्याचा अहवाल निम्न श्रेणी सांगत असेल आणि प्रतिमा उच्च श्रेणी सुचवीत असेल, तर ती विसंगतीच फेरतपासणीचे कारण ठरू शकते. विसरण एम.आर.आय. हा सूक्ष्मदर्शकाचा पर्याय नसून त्याचा पूरक साक्षीदार आहे.