ई-मेलची अक्षरे का बिघडतात?

समजा, इंदापूर तालुक्यात एक मामा आहेत. त्यांची डाळिंबाची बाग आहे. झाडांची पाने पिवळी पडू लागली. मामांनी बारामतीच्या भाच्याला फोन केला. भाचा शेतकी शिकलेला. कोणते औषध किती पाण्यात घालायचे, ते त्याने संगणकावर लिहिले आणि ई-मेलने धाडले.

मामांनी मोबाइल उघडला. पाहतात तो काय! ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांच्या आणि वेड्यावाकड्या खुणांच्या. मामांनी फोन लावला.

"आरं, ह्ये काय धाडलंस? मला काय बी वाचता येईना. माझंच वाचणं कच्चं दिसतंय."

"न्हाय मामा, तुमचं वाचणं पक्कं हाय. अक्षरंच बिघडली. माझ्या संगणकावर तर नीट दिसतंय. अंदाजानं औषध मारू नका."

भाचा खरे बोलला. पण अक्षरे बिघडली कशी?

यंत्राला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा दिलेला असतो. पाठवणारे यंत्र आकडे पाठवते. घेणारे यंत्र आपल्या यादीत पाहते आणि त्या आकड्याचे अक्षर काढते. दोघांची यादी एक असली, तर पत्र नीट दिसते. यादी वेगळी असली, की घोटाळा होतो.

घरात जुना मोडी कागद असतो ना, तसेच हे. बाळबोध वाचणाऱ्याला तो लागत नाही. म्हणून काय कागद खोटा? कागद खराच असतो. मोडी जाणणारा माणूस हवा, एवढेच.

पूर्वी मराठी अक्षरांचे साचे बनवणाऱ्या प्रत्येकाची यादी निराळी होती. अक्षरांच्या या साच्याला 'फाँट' म्हणतात. मग १९९१ साली 'युनिकोड' नावाची यादी निघाली. तिच्यात जगातल्या लिप्यांना जागा मिळत गेली. आपल्या 'क' चा आकडा तिच्यात २३२५ आहे. तो पुण्यात, दिल्लीत, अमेरिकेत एकच.

आता बिघाड कसा ओळखावा, ते पाहा.

१. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणजे पत्र जुन्या फाँटमध्ये लिहिले आहे. पाठवणाऱ्याला सांगा, "युनिकोडमध्ये लिहून धाडा."

२. तीच ती खूण पुन्हा पुन्हा येते, आणि मजकूर फार लांब दिसतो. युनिकोडचे मराठी चिन्ह बहुधा तीन आकड्यांत बांधून जाते. 'क' साठी २२४, १६४ आणि १४९. घेणाऱ्या यंत्राने ते सुटे धरले, तर एकाच्या तीन खुणा होतात. संगणकावर 'एन्कोडिंग' ही सोय असेल, तर तेथे 'यूटीएफ-८' निवडा.

३. रिकामे चौकोन दिसतात. म्हणजे पत्र बहुधा ठीक आहे. तुमच्या यंत्रात मराठी साचा नाही. दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहा.

४. नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. मग मूळ अक्षरे बहुधा पुसली गेली. ती परत येत नाहीत. पत्र पुन्हा मागवा.

मामांच्या पत्राचा बिघाड पहिल्या प्रकारचा होता. भाच्याने जुन्या फाँटमध्ये लिहिले होते. तो फाँट त्याच्या संगणकावर होता, मामांच्या मोबाइलवर नव्हता. त्याने तेच पत्र युनिकोडमध्ये लिहून पुन्हा धाडले. मामांनी ते अक्षर लावून वाचले. औषधाचे माप फोनवर एकदा म्हणून दाखवले. मगच पंप पाठीवर घेतला.

तुम्हीही असेच करा. बिघडलेले पत्र लगेच पुसू नका. औषधाचे माप, पैशाचा आकडा, अर्जाची तारीख, यांत अंदाज चालत नाही. विचारायला लाजू नका. दोष तुमच्या वाचनाचा नाही.