जुने इंटरकॉम मोडीत काढू नका!

पेढी, कारखाना किंवा शोरूम चालविणाऱ्या आपल्या अनेक बंधूंकडे इंटरकॉमचे छोटे एक्स्चेंज असते. बाहेरच्या दोन-तीन लाईन आणि आत आठ-दहा फोन. गल्ला, गोदाम, हिशेबनीस, मालकाची केबिन, सर्व त्याला जोडलेले. इंटरनेटवरून फोनची सोय हवी म्हटले की विक्रेता पहिला सल्ला देतो, "हे सगळे काढा, नवीन बसवा." आमचे मत वेगळे आहे. एक्स्चेंज नीट चालत असेल तर ते काढण्याचे कारण नाही.

हे काम 'व्हॉइस गेटवे' नावाची छोटी पेटी करते. तिच्या एका बाजूला इंटरनेटची वायर आणि दुसऱ्या बाजूला साध्या फोनच्या वायरी लागतात. बोललेला आवाज ती आकड्यांत बदलून इंटरनेटवर पाठवते आणि तिकडून आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते. कामगारांच्या हातातला फोन तोच राहतो.

खरेदी करताना खोबणीचा प्रकार नक्की पाहा. 'एफएक्सएस' खोबणी टेलिफोन खात्याच्या लाईनसारखी वागते. डायलटोन आणि घंटी देते. ती एक्स्चेंजच्या बाहेरच्या लाईनच्या जागी जोडावी. 'एफएक्सओ' खोबणी फोनच्या यंत्रासारखी वागते. ती लँडलाईनला किंवा एक्स्चेंजच्या एक्स्टेंशनला जोडली जाते. चुकीचा प्रकार घेतला तर पेटी पडून राहते. एका वेळी जितके जण इंटरनेटवरून बोलणार, तितक्याच खोबण्या घ्या. मोठ्या कार्यालयात पीआरआय लाईनवर 30 बोलणी एकाच वेळी चालतात. त्यांच्यासाठी वेगळा गेटवे मिळतो.

इंटरनेटचा हिशेबही सोपा आहे. आवाज न दाबता पाठवला तर एका बोलण्याला दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे 90 किलोबिट प्रतिसेकंद लागतात, म्हणजे चार बोलण्यांना 360. आवाज दाबून पाठवला तर सुमारे एक-तृतीयांशात भागते. मात्र त्याच लाईनवर कॅमेऱ्यांचे चित्रण किंवा डिझाईनच्या मोठ्या फाईली जात असतील तर आवाज तुटतो. म्हणून राउटरमध्ये आवाजाला पहिली वाट ठेवण्यास सांगावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कायद्याची. भारतात एप्रिल 2002 मध्ये इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. 2018 मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून सर्वसाधारण फोन नंबरची सेवा देण्याची मुभा मिळाली. म्हणून नंबर आणि जोडणी, जिला 'सिप ट्रंक' म्हणतात, परवानाधारक कंपनीकडूनच लेखी करार करून घ्यावी.

परदेशातून इंटरनेटवर आलेला फोन आपल्या लँडलाईनवर किंवा सिमवर वळवून पुढे तिसऱ्याला जोडून देणे, हे बेकायदा एक्स्चेंज ठरते. "दुकानात एक पेटी ठेवू द्या, दरमहा भाडे देतो," असे कोणी सांगत आले तर त्याला दारातूनच परत पाठवा. दूरसंचार अधिनियम, 2023 मध्ये परवानगीशिवाय अशी सेवा देण्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चार पैशांच्या भाड्यासाठी पिढ्यांची पेढी पणाला लावू नये. आखाती देशांत शाखा असणाऱ्यांनी तिथले नियमही पाहावेत. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट फोनवर निर्बंध आहेत.

दुसरा धोका चोरीचा. पेटीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर परके लोक त्यात शिरून रात्रभर परदेशी फोन लावतात आणि बिल आपल्या नावावर येते. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. परदेशी फोनची गरज नसेल तर ती सोय कंपनीकडून बंद करून घ्या.

वीज गेली की गेटवे आणि राउटर दोन्ही बंद पडतात, म्हणून त्यांना यूपीएसवर ठेवा. एक जुनी लँडलाईन मात्र सोडू नका. अग्निशमन दलाला किंवा रुग्णवाहिकेला फोन करण्याची वेळ आली आणि इंटरनेट बंद असले, तर तीच कामी येईल.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला आपल्याच एक्स्चेंजवर पेटी जोडून दाखवायला सांगा. गोदामातल्या फोनवरून बाहेर बोलून पाहा, बाहेरचा फोन आत घेऊन पाहा, प्रतिध्वनी येतो का तेही ऐका. मगच बिल चुकते करा.