ताबा, चार्ज आणि टेकओव्हर

इंग्रजीतले ‘टेक ओव्हर’ हे क्रियापद मोठे निर्विकार आहे. सकाळची परिचारिका रात्रपाळीवालीकडून वॉर्ड समजून घेते, तेही ‘टेक ओव्हर’. लष्कर मध्यरात्री रेडिओ केंद्रात घुसते, तेही ‘टेक ओव्हर’. मुलगा वडिलांचे दुकान पाहू लागला, एका कंपनीने दुसरी गिळली, ऐन वेळी भीतीने मन व्यापले, सगळीकडे हे एकच क्रियापद पुरते. कोणी खुशीने दिले की कोणी हिसकावून घेतले, याची ते चौकशी करीत नाही.

मराठी मात्र या चौकशीखेरीज पुढे सरकत नाही. सूनबाईंनी घर ‘हाती घेतले’ म्हटले की सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा आपण होऊन सोडला असे समजावे. ‘ताब्यात घेतले’ म्हटले, तर शेजारणी कान टवकारतात. जमीन ‘कसायला घेतली’ आणि ‘बळकावली’ यांच्यामध्ये तर अख्खे कोर्ट उभे असते. भीती आमच्याकडे ताबा घेतच नाही. माणसाची गाळण उडते. ‘भीतीने त्याचा ताबा घेतला’ असे हल्ली छापून येते खरे, पण ते तर्जुम्याचे अपत्य.

सरकारी कचेऱ्यांनी वेगळीच वाट काढली. नवा तहसीलदार ‘चार्ज घेतो’, जुना ‘चार्ज देतो’. शब्द इंग्रजीच, परंतु घेण्याला देण्याची जोड असलेला.

ही जोड नसली की कोणता शब्द लागतो, ते साताऱ्याला विचारावे. १८४८ साली तिथले छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीने मानला नाही आणि राज्य ‘खालसा’ झाले. ‘खालसा’चा मूळ अर्थ शुद्ध, निर्भेळ. हिसकावण्याला इतका सोज्वळ शब्द क्वचितच लाभला असेल!

शेअर बाजाराच्या बातम्यांतून ‘टेकओव्हर’ जसाच्या तसा मराठीत उतरला, आणि ती जुनी चौकशी मागे पडली. वास्तविक, ती किती गरजेची आहे हे गिरणगावाने पाहिले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. पुढल्या वर्षी केंद्र सरकारने शहरातल्या १३ गिरण्या ‘टेक ओव्हर’ केल्या. सरकारने गिरणी घेतली, असेच कोणीही म्हणेल. पण कायद्याच्या नावातच शब्द होते ‘टेकिंग ओव्हर ऑफ मॅनेजमेंट’. घेतले ते व्यवस्थापन. मालकी होती तिथेच राहिली. ती सरकारकडे आली १९९५च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने. मधली बारा वर्षे गिरणी चालवणारा एक आणि गिरणीचा धनी दुसरा. ज्याच्या भाकरीचा प्रश्न होता त्या कामगाराने दाद कोणाकडे मागायची? सातबारा पाहिलेल्या शेतकऱ्याला मालकी आणि वहिवाट यांतला भेद कोणी शिकवावा लागत नाही. शहरातल्या मथळ्यांत मात्र दोन्हींचे एकच ‘टेकओव्हर’ झाले.

त्या गिरण्यांपैकी कोहिनूर क्रमांक तीनची दादरची जागा राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना दिली. त्या खेपेला क्रियापदाचा घोळ कोणाचाच झाला नाही. विकली.