आवृत्तीतलं टिंब

फोन अपडेट करताना कुणालाही प्रश्न पडेल : ॲप २.९ वरून २.१० झालं, म्हणजे मागे गेलं का?

नाही, पुढेच गेलं. हे टिंब दशांशचिन्ह नाही, ते आकडे फक्त वेगळे ठेवतं. प्रत्येक आकडा स्वतंत्र वाचायचा. दहा नऊच्या पुढे.

रूढ पद्धतीत तीन आकडे असतात. समजा, ३.४.२. शेवटचा वाढला, तर चूक दुरुस्त झाली. मधला वाढला, तर नवी सोय आली आणि जुनंही चालू राहिलं. पहिला वाढला, तर बदल मोठा. जुन्या फाइली किंवा जोडलेले प्रोग्रॅम अडू शकतात. सगळेच हा संकेत पाळत नाहीत, पण दिशा कळते.

आवृत्तीच्या या आकड्यांचं मोल मराठीनंही अनुभवलं आहे. पाटी रंगवणाऱ्याच्या कुंचल्याला 'ॲ' काढायला आवृत्ती लागत नाही, संगणकाला लागते. हे स्वतंत्र अक्षर युनिकोड या संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संकेतसंचाच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. रुपयाचं ₹ हे चिन्ह ६.० मध्ये, २०१० साली. जुन्या फॉन्टवर त्यांच्या जागी रिकामा चौकोन दिसे. 'ॲ' नसताना लोक 'अ'वर चंद्र जोडत. दोन्ही रूपं दिसायला सारखी, पण संगणकाला वेगळी. म्हणून शोधताना आजही एखादा शब्द निसटतो.

तेव्हा शेवटचा आकडा वाढलेलं अपडेट टाळू नका, आणि पहिला आकडा बदलणार असेल, तर आधी बॅकअप घ्या.